कातडीखालचा उंदीर

इंग्रजीच्या मास्तरांचा उजवा हात पक्षाघातानं लुळा पडला. जीभ मात्र शाबूत होती. फिजिओथेरपिस्ट म्हणाली, "आजोबा, मसल आवळा बघू."

"मसल म्हणजे मुळात लॅटिनमधला छोटा उंदीर. कातडीखाली पळताना दिसतो ना, म्हणून. माझा मेलाय."

"शब्दांचा कीस पाडायला बरं बळ आहे!" बायको करवादली. उंदराच्या नुसत्या चाहुलीनं स्टुलावर चढणारी ती, रोज सकाळी त्यांचा दंड चोळत बसायची.

आज चोळता चोळता ती एकदम किंचाळली, "उंदीर! उंदीर!"

शेजारीण झाडू घेऊन धावत आली. "कुठंय मेला?"

मास्तरांचा दंड दोन्ही हातांनी धरून ती रडत हसत होती. "झाडू बाहेर ठेवा हो! घाबरून परत बिळात जाईल तो."