सुई सापडेपर्यंत

बाळाला नवा कोट घालून ताई निघणार, तेवढ्यात आजीला दिसलं की डबीत मोठी सुई नाही. घरातल्या चिंध्या जशा हाताला लागल्या तशा जोडून, मधे कापूस भरून तो कोट धाकटीनं स्वतः शिवला होता. सुई त्या कापसात राहिली असेल, तर ती थेट बाळाच्या अंगात जाणार होती.

"काढ आधी तो कोट," आई ताईला म्हणाली.

"तरी सांगत होते, नीट आखून शिव," आजी पुटपुटली.

"आजी, टोचायचं काम सुईवर सोड ना," धाकटी म्हणाली.

तिनं अस्तर उसवलं. बाबांच्या हत्यारपेटीतलं लोहचुंबक, बोटभरच पण हातोडी उचलून धरणारं, कापसात सरकवलं आणि एकेका तुकड्याखालून फिरवत नेलं. पाठ झाली, एक बाही झाली. दुसऱ्या बाहीत टिक्‌ असा आवाज आला.

धाकटीनं दोन बोटांनी सुई उपसली आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. आईनं डबीतल्या सुया स्वतः मोजल्या. धाकटीनं भराभर अस्तर शिवून टाकलं. ताईनं बाळाला कोट चढवला, कडेवर घेतलं आणि दाराकडे निघाली.



फ्रिजजवळून जाताना बाळाची बाही टक्कन फ्रिजला चिकटली.