जहाजावरच्या कुकीज

"बाबा, जहाजावर ओव्हन होता?" ठकीने विचारलं. तोंडात मार्शमॅलो कोंबलेला.

"होता की. हा एवढा!" बापाने हात फैलावले आणि लगेच आवरते घेतले.

खिडकीशी त्याची बायको मटार सोलत बसली होती. कान सगळे इकडे. तो तुरुंगातून घरी आला त्याच दिवशी तिने त्याला बजावलं होतं, "पोरीच्या लेखी तुम्ही जहाजावर आचारी होता. तिला खरं कळलं, त्या दिवशी तुम्ही आपली वाट धरायची." त्याने मुकाट्याने मान डोलावली होती. घरात घेतलं हेच पुष्कळ होतं. बेकरीचं काम तो आतच शिकला, आणि लेकीला द्यायला त्याच्याकडे तेवढंच होतं.

त्याने कोकोच्या पिठाचा गोळा तळहातावर चपटा केला, मधोमध मार्शमॅलो ठेवला आणि कडा जुळवून तोंड बंद केलं. "फट ठेवायची नाही हं, ठकूताई. नाहीतर ओव्हनमध्ये फुटतात."

ठकूताईंचे गोळे म्हणजे नुसते धोंडे होते, पण वळत होती जीव लावून.

"मग जहाज हललं की ट्रे सरकायचे नाहीत?"

बायकोच्या हातातली शेंग अर्धवट सोललेलीच राहिली.

"बांधून ठेवायचो," तो म्हणाला.

ठकीने आईकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, आणि पुन्हा गोळा वळायला लागली. एका प्रश्नावर थांबणाऱ्यातली ही पोरगी नव्हे.

ट्रे ओव्हनमध्ये गेला. वरून घालायला चॉकलेट चिरायचं होतं. सुरी ओट्याच्या टोकाला होती. त्याने ती फळीकडे नेली नाही, फळीच ओढून सुरीजवळ आणली आणि कोपर अंगाशी धरून अवघडून चिरायला लागला. तुरुंगात सुरी टेबलाला साखळीने बांधलेली असे. साखळी जाईल तेवढाच हात जायचा.

"इकडे ऐसपैस जागा आहे की, बाबा."

"जहाजावर जागा कमी असते," बायकोने परस्पर उत्तर देऊन टाकलं, जरा जास्तच मोठ्याने.

ओव्हनची घंटी वाजली. कुकीज छान फुगल्या होत्या. ठकीची एक फुटली होती, पण वास असा सुटला की बायकोही हसली. त्यांवर चॉकलेट पसरून ती दोघींच्या बश्या बाहेर टेबलावर ठेवून आली. तिसरीही ठेवली. तिसरी बशी पाहून त्याचा जीव भांड्यात पडला, आणि तिथेच तो गाफील राहिला.

त्याने सगळं धुतलं, पुसलं. मग सुरी, चमचा, चाळणी, उलथनं अशी एका ओळीत मांडली, मुठी एकाच बाजूला. आणि स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन, हात मागे बांधून, मान खाली घालून उभा राहिला. आत काम संपलं की रोज असंच उभं राहायचं. शिपाई अवजारं मोजायचा, मगच दार उघडायचं.

हे दार तर सताड उघडं होतं.

"अहो!" बायको दबक्या आवाजात ओरडली.

तो भानावर आला, पण पाय हलेनात. ठकी ओट्यापाशी उभी राहून त्या ओळीकडे बघत होती. संपलं, त्याला वाटलं. पिशवी कपाटावर आहे, कपडे काय, दोनच.

ठकीने एकेका वस्तूवर बोट ठेवलं. सुरी. चमचा. चाळणी. उलथनं. अजिबात घाई केली नाही.

"सगळं आहे," ती म्हणाली.

मग दाराशी येऊन तिने त्याचे पाठीमागचे हात सोडवले.

"चल बाबा, बाहेर. गार होतायत."