दोघांचं एकच रिटर्न

"आई, तूच सांग हिला सही करायला," दिगू म्हणाला.

न्यू जर्सीतल्या टॅक्सवाल्याच्या टेबलावर कागद मांडले होते. दिगू आणि वृंदाने गेल्या वर्षी रिटर्न वेगवेगळी भरली होती. आता दुरुस्ती करून एकत्र भरलं, तर कर बराच वाचणार होता. दिगूने सही केली होती. माझ्या सुनेने अजून पेन उचललं नव्हतं.

"एकदा एकत्र भरलं की पुन्हा वेगळं करता येतं?" मी विचारलं.

"नाही, काकू," टॅक्सवाला म्हणाला. "आणि ह्यांच्या धंद्याचा हिशेब चुकीचा निघाला, तर भुर्दंड वहिनींवरही येतो."

"बायको आहे ना माझी? एवढा विश्वास नको?" दिगू चिडला.

त्याच्या वडिलांनीही असंच म्हणून कागदांवर माझे अंगठे घेतले होते. वाचायला मी पन्नाशीत शिकले. तोवर माहेरची जमीन गेली होती.

"वृंदा, सगळं समजल्याशिवाय सही करायची नाही," मी म्हणाले.

"अगं आई, ऑफिस पाचला बंद होतं!"

"मग उद्या येऊ."

वृंदाने खुर्ची पुढे ओढली आणि दिगूला म्हणाली, "बस. पहिल्या पानापासून तुझा धंदा समजावून सांग मला."