खोट

कापसावरचे आयात शुल्क उठून स्वस्त परदेशी माल येऊ लागल्यापासून, कापसातली सरकी काढून रुईच्या गाठी बांधणारी पांढरकवड्याची जिनिंग बंद होती. सूतगिरणीच्या मॅनेजरने परदेशी रुईचा नमुना जिनिंगचे कापूसपारखी अय्यूबभाई यांच्यासमोर ठेवला. “मशीन काहीही सांगो, भरवसा तुमच्या बोटांवर. यात खोट निघाली तर तुमच्याच गाठी घेतो. जिनिंग सुरू करा.” अय्यूबभाईंनी चिमूटभर रुई ओढून तंतू काळ्या छत्रीवर मांडले. ते लांब आणि स्वच्छ होते. त्यांनी तीनदा ओढून पाहिले. “माल चोख आहे, साहेब.” मॅनेजरची गाडी बाहेर पडताच जिनिंगमध्ये कापसातला कचरा वेचणारी तानाबाई फाटकातून धावत आली. “काय सांगतलं, भाई?” “खोट निघालीच नाही.” “तीस वर्षं आमच्या कापसात बरी निघे! एक डाव खोटं बोल्ले असते तं काय अल्ला रुसला असता?” अय्यूबभाई बोटांना चिकटलेली रुई काढत राहिले. निघताना ती नेहमी “येतो” म्हणायची. आज म्हणाली, “जातो, भाई.”