डावीकडची वाघीण

मुलांनो, डोळे मिटा आणि उघड्या जिप्सीत सदफशेजारी बसा.

परवडली ती एकच सफारी, दुपारची. दादीच्या असरच्या नमाजची वेळ जंगलातच होणार आणि खाली उतरायला बंदी, म्हणून घरीच ठरलं होतं: गाडी पाणवठ्याशी पश्चिमेला, काब्याच्या दिशेला तोंड करून थांबेल आणि दादी बसूनच नमाज पढेल. "वाघाला तेवढं सांगून ठेवा," दादी हसली होती, "त्या वेळी येऊ नकोस म्हणावं."

वाघीण नेमकी तेव्हाच आली. ती डावीकडे पाणी पीत होती आणि दादीची नजर मांडीवर होती.

"अम्मीला हलवतो," अब्बा दादीकडे हात नेत कुजबुजले. "आयुष्यभराची हौस आहे तिची."

सदफने त्यांचा हात घट्ट धरला. "नमाज मोडायची नाही, अब्बा!"

वाघीण बांबूकडे वळली.

नमाज संपताना मान आधी उजवीकडे वळवतात, मग डावीकडे. दादीने मान उजवीकडे वळवली. तिकडे नुसतं गवत होतं. वाघिणीचं तोंड बांबूत शिरलं. सदफने श्वास रोखला. दादीने मान डावीकडे वळवली आणि "या अल्लाह!" म्हणत ती तशीच बघत राहिली.

तेव्हा कुठे सदफने अब्बांचा हात सोडला.