डावीकडचा आरसा

वाकिओने स्टिअरिंग अलगद फिरवलं आणि पडद्यावरचा लांबलचक ट्रेलर उलटा सरकत माल चढवायच्या धक्क्याला बरोबर जाऊन टेकला.

"वा गं पोरी!" मालकीण बिबी रेहेमा म्हणाल्या.

मागे उभ्या मुथियानीच्या अंगाचा तिळपापड झाला. व्होई गावातल्या या ट्रकच्या यार्डात तो कित्येक वर्षं बिबींचा छोटा ट्रक चालवत होता. त्यांनी नवा ट्रेलर घेतला तेव्हा चावी आपल्यालाच मिळणार, असं त्याने घरी सांगूनही टाकलं होतं. आणि आता ही मधेच उपटलेली! लायसन्स कालपरवाचं. वेण्या घालायच्या दुकानात गिऱ्हाईक नसताना मोबाइलवर ट्रकचा खेळ खेळायची, म्हणे.

बिबी नवख्या हातात ट्रेलर देत नसत. आधी ऑफिसातल्या या खेळावर, स्टिअरिंग आणि पेडल लावलेल्या कॉम्प्युटरवर, हात बसवायचा, मग त्यावरच परीक्षा द्यायची. मुथियानीचा बसत नव्हता. मागे घेताना डावीकडे वळवलं की ट्रेलरची शेपूट उजवीकडे पळायची.

"दादा, इतकं दाबून धरू नका," वाकिओ हसून म्हणाली. "स्टिअरिंग आहे ते, बोकडाची शिंगं नाहीत."

सगळं यार्ड हसलं. मुथियानी नाही हसला.

"खऱ्या रस्त्यावर ये, मग शिकव मला," तो म्हणाला.

त्या दिवसापासून त्याने ईर्षेने सराव केला. पडद्यावरचा तो धक्काच पाठ करून टाकला. लाल पिंपाशी पूर्ण वळण, खांबाशी सरळ, मग हळूहळू मागे. डोळे मिटूनही लावेन, असं तो चहाच्या टपरीवर सांगू लागला.

परीक्षेच्या सकाळी बिबी टायरवाल्याशी हुज्जत घालायला बाहेर गेल्या. वाकिओ चहा आणायला गेली. मुथियानी एकटाच ऑफिसात उरला.

सरळ सांगायचं तर तो जळत होता. त्याने खेळाच्या सेटिंगमध्ये जाऊन डावीकडचा आरसा बंद केला. एका डावापुरताच. तो डाव संपला की सगळं आपोआप पूर्ववत होतं, हे त्याला माहीत होतं.

बिबी आल्या, कीबोर्ड मांडीवर घेऊन मागच्या खुर्चीत बसल्या. ठरल्याप्रमाणे आधी वाकिओची पाळी.

तिने ट्रेलर सुरेख वळवला. मागे घेताना डावीकडे बघितलं आणि थबकली.

"बिबी, या बाजूचा आरसा काळा पडलाय. मागचं काही दिसत नाही."

"मग?"

"मग काय, मी नाही मागे घेत."

"अगं, खेळ आहे हा!" मुथियानी खदखदून हसला. "इथे कोण चिरडणार आहे? येत नाही म्हण ना सरळ! म्हणे आरसा!"

वाकिओचा चेहरा पडला, पण तिने हँडब्रेक ओढला तो सोडला नाही. वेळ संपली. पडद्यावर मोठं शून्य आलं.

"ऊठ," बिबी म्हणाल्या. "मुथियानी, बस."

तो ऐटीत बसला. नवा डाव. दोन्ही आरसे लख्ख. लाल पिंपापाशी त्याने पूर्ण वळण घेतलं, आणि डावीकडचा आरसा विझला.

त्याला दरदरून घाम फुटला. अरे देवा, आपलं सेटिंग चिकटून राहिलं वाटतं! थांबावं? मघाशी वाकिओला काय काय बोललो आपण! आणि आरशाची चौकशी निघाली तर?

त्याने दात आवळले. खांबाशी सरळ, मग हळूहळू मागे. सगळं अंदाजाने. ट्रेलर धक्क्याला लागला, पडद्यावर शंभर गुण झळकले. मुथियानीने सुटकेचा निःश्वास टाकला आणि हात पुढे केला.

बिबींनी चावी वाकिओच्या हातात ठेवली.

"हा कुठला न्याय?" तो ओरडला. "शंभर मला, शून्य तिला!"

"ट्रेलर लावायला काय, सरावाने कुणीही शिकतं," बिबी म्हणाल्या. "परीक्षेत मी एक आरसा मधेच बंद करते. दिसेनासं झाल्यावर जो थांबतो, त्याला माझी गाडी. तुझा आरसा मीच बंद केला."

त्यांनी कीबोर्ड टेबलावर ठेवला आणि पहिल्यांदाच त्याच्याकडे रोखून पाहिलं.

"तिच्या वेळी मात्र मी बोट उचलायच्या आधीच तो बंद होता."