सासूबाईंचा टॉवेल

परक्या खुर्चीवर टेकायचं तर सासूबाई आधी पिशवीतला टॉवेल अंथरायच्या. "राणीसाहेबांचं सिंहासन" म्हणत सुनेनं पाहुण्यांपुढे नक्कलही केली होती. घरभर हशा पिकला होता. बाळंतपणानंतर शिंक आली तरी तिचे कपडे ओले व्हायला लागले, तेव्हा तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कंबर दुखते असं खोटंच सांगून ती सासूबाईंबरोबर फिजिओथेरपिस्टकडे आली. पडद्यामागे तपासणी झाली. "ओटीपोटाखालचे स्नायू सैल पडलेत, व्यायामानं आवळतील," बाई म्हणाल्या. "बायका लाजून अंगावर काढतात आणि जन्मभर भोगतात." हायसं वाटून ती बाहेर आली. तेवढ्यात सासूबाईंना ठसका लागला. सावकाश उठून त्यांनी ओली बाजू आत घालत टॉवेलची घडी केली. सुनेची मान वर होईना. "आई, माझी कंबर दुखतच नव्हती." टॉवेल पिशवीत कोंबत सासूबाई म्हणाल्या, "ठाऊक आहे. माझीही कंबरच दुखायची."